तीन शतकं आणि एक बाक

हार्लन्स बेंड, पेनसिल्व्हेनिया
१२ मे १९९७

प्रिय फिलोमिना मावशी,

ईस्टरला तू पाठवलेली चॉकलेटची अंडी एमॉसने घरभर लपवली आणि कुठे लपवली ते स्वतःच विसरला. काल एक पियानोत सापडलं. पियानो आता जरा गोड वाजतो.

आज मात्र कामासाठी लिहिते आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार जाडजूड कॅटलॉग पसरलेत, आणि त्यांच्यापायी तीन दिवस आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन जेवतोय. प्रश्न एकच आहे, अमेरिकेचा इतिहास.

मुलांना घरीच शिकवायला लागून आम्हाला पाच वर्षं झाली. वाचन आणि गणित नीट चाललंय. इतिहासाची मात्र यंदा गोधडी झाली, एक तुकडा इकडचा, एक तिकडचा. वर्षअखेरीला मुलांच्या फायली तपासतात त्या मिसेस डीट्रिक, निवृत्त शिक्षिका, फार गोड बाई आहेत. त्यांनी फायली हातात तोलून पाहिल्या आणि म्हणाल्या, "बर्नाडीन, गणित चांगलं बाळसेदार आहे गं. इतिहास जरा रोडावलाय." सही केली त्यांनी, पण मला रात्रभर ते 'रोडावलाय' टोचत राहिलं.

पुढच्या महिन्यात घरशाळावाल्यांचा मेळावा आहे. तिथे शंभर दुकानं असतात आणि प्रत्येक दुकानात एक हसरी बाई असते. तिथे जाण्याआधी मला मनाशी काही ठरवायचं आहे. विनिफ्रेड तेरा वर्षांची झाली, माझ्या खांद्याला लागते. एमॉस दहाचा, त्याला मोजमाप सोडून कशात रस नाही. टेसा सहाची, तिला सगळ्यातच रस आहे आणि तीच अडचण आहे. या तिघांना एकच इतिहास कसा शिकवू? की तीन वेगळे घेऊ?

वेंडेल बागेत फवारणी करून आला, कॅटलॉगांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "देश एक, आई एक, टेबल एक. मग पुस्तकं तीन कशाला?" मी म्हटलं, "तू सफरचंदांचं बघ."

तू तेहतीस वर्षं इतिहास शिकवलास. तू सांगशील ते करीन.

तुझी,
बर्नी

⁂

स्क्रॅन्टन
२० मे १९९७

लाडके बर्नी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा हसून डोळ्यांत पाणी आल्यावर चष्मा काढून.

कॅटलॉगावरून पुस्तक निवडू नये, बाळ. मेळाव्यात गेलीस की पुस्तक मधूनच कुठेतरी उघड आणि एक पान उभ्याने मोठ्यांदा वाच. आजूबाजूचे बघोत. पानाच्या शेवटी तुला पुढचं पान उलटावंसं वाटलं नाही, तर मुलांनाही वाटणार नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये नवीन पुस्तकं आली की सिस्टर लिओकाडिया हेच करायच्या. भर वर्गात पुस्तक मिटून म्हणायच्या, "या लेखकाला बोटीवर घेऊ नका, वल्हवणारे झोपतील."

तुझ्या मुख्य प्रश्नाला माझं उत्तर साधं आहे. ज्याच्या त्याच्या वयाचं पुस्तक ज्याला त्याला द्यावं. मी तेहतीस वर्षं तेच केलं. सहावीच्या मुलीला आठवीचं पुस्तक दिलं तर ती रडते, आणि आठवीच्या मुलीला सहावीचं दिलं तर तिचा अपमान होतो. विनिफ्रेडला तर चांगलं भारदस्त पुस्तक घे. मोठ्या मुलीला मोठी झाल्याचं कुणीतरी सांगावं लागतं.

वेंडेलला माझा नमस्कार सांग. त्याला सफरचंदांचंच बघू दे.

तुझी मावशी,
फिलोमिना

⁂

हार्लन्स बेंड
१६ जून १९९७

प्रिय मावशी,

घेतलं! तीनही घेतली! तुझ्या सांगण्याप्रमाणे मी प्रत्येक दुकानात उभी राहून मोठ्यांदा वाचलं. तिसऱ्या दुकानाशी माझ्यामागे सात बायका ऐकत उभ्या होत्या, आणि एकीने मला विचारलं, "पुढचा प्रयोग कधी?"

विनीसाठी जाड निळं पुस्तक घेतलं आहे. प्रत्येक धड्याखाली बारा प्रश्न आणि उत्तरांची वेगळी वही, फक्त आईसाठी. तिथल्या बाईंनी चाचणी घेऊन सांगितलं की ही मुलगी थेट यादवी युद्धापासून सुरू करायला तयार आहे. एमॉसची चाचणी वसाहतींच्या काळावर येऊन थांबली, म्हणून त्याला गाळलेल्या जागांच्या पुस्तिका. आणि टेसाला कोलंबसपासूनची पेटी. तिच्यात कात्री, डिंक, रंगीत कागद आणि अक्रोडाच्या टरफलांच्या तीन होड्या आहेत.

सगळ्यात छान गोष्ट पुढेच आहे. विनीला वरची खिडकीजवळची खोली अभ्यासाला दिली. वेंडेलने तिच्यासाठी चेरीच्या लाकडाचं टेबल केलं, खणासकट. आता तिला टेसाच्या डिंकात कोपर बुडवून शिकायला नको. तिने खोली पाहिली आणि काही बोललीच नाही. भारावली असावी.

सप्टेंबरची वाट बघते आहे. असं मी याआधी कधी म्हटलं होतं?

तुझी,
बर्नी

⁂

हार्लन्स बेंड
६ ऑक्टोबर १९९७

प्रिय मावशी,

उशिरा लिहिते आहे कारण मी सध्या तीन शतकांत राहते.

न्याहारीच्या भांड्यांबरोबर माझा कोलंबस सुरू होतो. दहाला एमॉसचे वसाहतवाले येतात, आणि दुपारच्या सँडविचपर्यंत मी वर जाऊन विनीबरोबर दक्षिणेतल्या लढाया तपासलेल्या असतात. परवा टेसाने वेंडेलला विचारलं, "बाबा, लिंकन कोलंबसच्या कुठल्या होडीत होता?" वेंडेल म्हणाला, "तिसऱ्या. पहिल्या दोनमध्ये त्याची टोपी मावली नाही." आता ती हे चर्चमध्ये सगळ्यांना सांगते आहे.

एमॉसने गाळलेल्या जागा दोन आठवड्यांत भरून टाकल्या. मला अभिमान वाटला. मग कळलं की शेवटच्या पानावर उत्तरं उलटी छापलेली आहेत, आणि त्याने ती वाचायला पलंगावरून डोकं खाली लोंबकळवण्याची पद्धत शोधून काढली आहे. इतिहासाचं काही शिकला नाही, पण उलटं वाचायला उत्तम शिकला.

या गोंधळात एकटी विनी सुरळीत चालली आहे. म्हणजे मला तसं वाटत होतं. धडा, बारा प्रश्न, बारा बरोबर उत्तरं. वरून आवाज म्हणून नाही. गेल्या गुरुवारी तिची वही तपासून मी 'शाबास' लिहिलं, आणि ती शांतपणे म्हणाली, "आई, ख्रिसमसनंतर मी गावातल्या शाळेत जाऊ का?"

मावशी, लगेच ती म्हणाली, "रागावू नकोस. फक्त विचारते आहे." मी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत वेळ मागून घेतला.

गावातली शाळा वाईट नाही. वेंडेल तिथेच शिकला. पण मला कळतं यामागे काय आहे. तिची उंची माझ्या स्वयंपाकघरात मावेनाशी झाली. मी तिला पुरत नाही. आणखी अवघड पुस्तक आणू का? मुलगी माझ्या टेबलावरून उठून चालली आहे, आणि तिला थांबवायला माझ्याकडे एक निळं पुस्तक आहे. ते तर तिने अर्धं संपवलंसुद्धा.

तू काहीतरी सुचव.

बर्नी

⁂

हार्लन्स बेंड
९ ऑक्टोबर १९९७

प्रिय मावशीआजी,

हे पत्र मी टपालपेटीत स्वतः टाकते आहे. कृपा करून आईला सांगू नकोस. तू कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस, म्हणजे तुला गुपित ठेवता येत असेल.

आईने तुला शाळेचं लिहिलंच असेल. तिला वाटतं मला अभ्यास सोपा जातो. सोपा जातो, पण ते कारण नाही.

तुला आमच्या सकाळची गोष्ट सांगते. मी वर निळं पुस्तक वाचत असते. खाली टेसा टबमध्ये अक्रोडाच्या होड्या सोडते, एमॉस मीठ-पाणी-मैद्याची ती खलाशांची दगडासारखी बिस्किटं भाजतो, एक बिस्कीट खाली पडतं आणि फरशीचा टवका उडतो. सगळे हसतात, आईसुद्धा. मला फक्त हसणं ऐकू येतं. विनोद काय झाला ते नंतर कुणीतरी सांगतं, आणि सांगितल्यावर तो विनोद राहत नाही.

मग आई वर येते, उत्तरांच्या वहीतून माझी उत्तरं ताडते, शाबास लिहिते आणि खाली जाते, कारण खाली काहीतरी करपत असतं. परवा मी तेराव्या धड्यातल्या सैनिकांच्या पत्रांबद्दल तिला विचारणार होते, की घरी पत्र लिहिताना ते घाबरल्याचं का लिहीत नाहीत. पण त्या बारा प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

शाळेत निदान शेजारच्या बाकावर कुणीतरी असेल.

वरची खोली नको, असं आईला कसं सांगू? तिने पडदे शिवले. बाबांनी टेबल केलं, खणाला माझं नाव कोरलं. मी खाली यायचं म्हटलं, तर त्यांना वाटेल मला ते आवडलं नाही. टेबल फार सुंदर आहे. ते चुकीच्या मजल्यावर आहे, एवढंच.

तुझी,
विनिफ्रेड

⁂

स्क्रॅन्टन
१४ ऑक्टोबर १९९७

प्रिय विनिफ्रेड,

गुपित माझ्याजवळ राहील. आम्हा कॉन्व्हेंटच्या मुलींना गुपित ठेवणं आणि ताठ बसणं या दोन गोष्टी जन्मभर पुरतील एवढ्या शिकवल्यात.

तुला एकच विचारते. तुला शाळेत जायचं आहे, की वरच्या खोलीतून बाहेर यायचं आहे? दोन्हीही असू शकतं, आणि दोन्हीत गैर काही नाही. उत्तर मला नको, स्वतःला दे.

त्या सैनिकांबद्दल सांगायचं तर ते घाबरल्याचं लिहीत नव्हते, कारण वाचणाऱ्यावर त्यांचं प्रेम होतं. तुझ्या पत्रावरून वाटतं, हे तुला ठाऊक आहे.

तुझी मावशीआजी

⁂

स्क्रॅन्टन
१४ ऑक्टोबर १९९७

लाडके बर्नी,

आधी एक कबुली. मे महिन्यात मी तुला चुकीचा सल्ला दिला. मी तेहतीस वर्षं एका वर्गाला एक पुस्तक दिलं, कारण माझ्यासमोर एका वयाच्या चाळीस मुली बसत होत्या. तुझ्या स्वयंपाकघरात तसं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वेंडेलचं बरोबर होतं. त्याला हे माझ्या नावाने सांग, त्याला वाढदिवसाची वेगळी भेट द्यायला नको.

आता तुला एक गोष्ट सांगते. तुझ्या आईने कदाचित सांगितली नसेल.

एकोणीसशे त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत आमच्या शाळेचा बॉयलर फुटला. युद्ध चालू होतं, नवा भाग ईस्टरपर्यंत मिळणार नव्हता. शेगडी होती फक्त सिस्टर लिओकाडियांच्या खोलीत. त्यामुळे तीन वर्ग तिथे कोंबले गेले. मी आठवीत होते. रोझलीन, तुझी आई, चौथीत. आणि मध्ये सहावीच्या मुली, कुणाच्याच नाहीत अशा. बाक कमी होते म्हणून बहिणींना बहिणींजवळ बसवलं. मला फार लाज वाटली. आठवीतल्या मुलीने नुकत्याच नाक पुसायला शिकलेल्या मुलीजवळ बसायचं!

पहिल्या दिवशी सिस्टरांनी तीन वर्गांची तीन पुस्तकं टेबलावर रचली. सगळ्यात वरच्या पुस्तकावर हात ठेवला, शेगडीकडे पाहिलं, आणि ती तशीच कपाटात ठेवून कुलूप लावलं. म्हणाल्या, "आजपासून आपण सगळ्याजणी कालव्यावर." आमच्या भागातून पूर्वी कोळशाच्या नावा जायच्या, काठावरून खेचरं त्या ओढायची, तो कालवा. धाकट्यांनी खेचर काढायचं, त्याचा पट्टा कुठून कुठे जातो ते बरोबर दाखवून. दगडी कोठीत पाणी भरून नाव वरच्या पातळीवर चढवतात, त्याला किती पाणी लागेल ते मधल्यांनी मोजायचं. आणि आम्ही मोठ्यांनी नाव हाकणाऱ्याची विधवा होऊन कालव्याच्या मंडळाला अर्ज लिहायचा, की नवऱ्याच्या जागी मला ठेवा.

तेव्हा कागदाचा तुटवडा होता, दोघींत एक कागद. मी पुढच्या बाजूला अर्ज लिहिला आणि तुझ्या आईने मागे खेचर काढलं. मध्येच तिने विचारलं, "फिल, या बाईच्या खेचराचं नाव काय?" मी अर्जात खेचराचा विचारच केला नव्हता. मग मला अर्ज पुन्हा लिहावा लागला, कारण खेचराशिवाय ती बाई काम कसं करणार? तो माझ्या आयुष्यातला पहिला चांगला निबंध. त्या कागदाचं पुढे काय झालं, कुणास ठाऊक.

ईस्टरला बॉयलर आला आणि आम्ही आपापल्या वर्गांत परत गेलो. पुढे मी नोकरीला लागले, ती लग्न करून गेली. एका बाकावर आम्ही तेवढ्या दोनच महिन्यांपुरत्या बसलो.

बर्नी, तीन पुस्तकं कपाटात ठेव. एक विषय टेबलावर ठेव. आणि शोधायला लांब जाऊ नकोस. वेंडेलचा ट्रॅक्टर दर वसंतात ज्या चरात अडकतो आणि ज्याला तो रविवारीसुद्धा शिव्या घालतो, तो चर म्हणजे जुना कालवा आहे. मी तुझ्या लग्नातच ओळखला होता. विनीला खाली बोलाव.

तुझी मावशी

⁂

हार्लन्स बेंड
२७ ऑक्टोबर १९९७

प्रिय मावशी,

कालवा! वेंडेल दोन दिवस चराकडे आदराने बघतो आहे. काल ट्रॅक्टर पुन्हा अडकला तेव्हा म्हणाला, "ऐतिहासिक अडकलाय."

पुस्तकं कपाटात गेली. धाकटी दोघं वेडी झाली आहेत. पण विनीचं काही जमलं नाही. मी तिला म्हटलं, "खाली ये गं, मला तुझी मदत लागेल. टेसाला कागद कापून दे, एमॉसची गणितं तपास, तू आता मोठी आहेस." तिने सगळं केलं, अगदी नीट केलं. मग वर गेली आणि निळ्या पुस्तकाचा विसावा धडा संपवला. दार लावून.

मी म्हटलं नव्हतं? तिला आता लहान मुलांत करमत नाही.

बर्नी

⁂

स्क्रॅन्टन
३० ऑक्टोबर १९९७

बर्नी,

मदतनीस नको! विद्यार्थिनी!

सिस्टरांनी मला रोझलीनचे बूट बांधायला बसवलं असतं, तर मी आजही त्यांच्यावर रागावलेली असते. त्यांनी मला खोलीतलं सगळ्यात अवघड काम दिलं, आणि ते इतरांच्या कामाशिवाय पुरं होणार नाही अशी सोय केली. विनीला कात्री देऊ नकोस. तिला विधवा दे. आणि उत्तरांची वही नाही असा एक प्रश्न तिला विचार, ज्याचं उत्तर तुलाही येत नाही.

बसची वेळ झाली, पत्र टाकायला पळते.

फिलोमिना

⁂

हार्लन्स बेंड
१७ नोव्हेंबर १९९७

प्रिय मावशी,

काय काय सांगू?

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "आपल्या बागेत आधी कोण राहायचं? मला माहीत नाही. कुणाला माहीत आहे?" विनी म्हणाली, "पुस्तकात असेल?" मी म्हटलं, "कुठल्याच पुस्तकात नाही." तिने काटा खाली ठेवला. मावशी, त्या मुलीने जून महिन्यापासून माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला ल्यूथरन चर्चच्या तळघरात नेलं, मी तिला नाही. तिथे दफनांच्या जुन्या वह्या आहेत. चार दुपारी आम्ही शिंकत बसलो आणि चौथ्या दुपारी तिला सापडली केटुरा बॉयर. अठराशे चोपन्न सालच्या एका नोंदीत लिहिलं आहे, 'कालव्याच्या दगडी कोठीचा रखवालदार, मागे पत्नी केटुरा व चार मुलं.' नावा वर-खाली करायची, दोन्ही टोकांना दारं असलेली ती कोठी कुठे असेल, तर आमच्या सफरचंदांच्या गोदामामागे! ज्या भिंतींना वेंडेलचे आजोबा 'जुनी गिरणी' म्हणायचे, त्याच. गिरणीला कधी दोन समोरासमोर भिंती नि मध्ये रिकामी जागा असते का, हे साठ वर्षांत वेंडेलच्या घराण्यातल्या एकाही स्टॉफरने विचारलं नाही.

एमॉसने फळं तोडायच्या शिडीने ती मोजली. नव्वद फूट लांब, सतरा रुंद, पाणी आठ फूट चढायचं. पठ्ठ्या दोन दिवस जेवताना गुणाकार करत होता. साडेएक्क्याण्णव हजार गॅलन! मग त्याने विचारलं, "त्या बाईला एकटीला ती दारं ढकलता यायची?" विनी केटुराच्या नावाने मंडळाला लिहीत होती त्या अर्जातला एक परिच्छेद तिने तिथल्या तिथे खोडला आणि नवा लिहिला. टेसा खेचर झाली. वेंडेलला दोरीने ओढत तिने चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं आणि मध्येच बसकण मारली. म्हणाली, "खेचराला सुट्टी कधी असते ते विनीने लिहिलं नाही." तेही अर्जात गेलं.

शुक्रवारी विनीने अर्ज वाचला. आम्ही चौघं कालव्याचं मंडळ. वेंडेलने त्यासाठी टाय लावला. शेवटची ओळ अशी होती, 'मान्यवर, मी घाबरलेली नाही असं लिहिणार होते, पण माझ्या धाकटीने सांगितलं की खरं लिही.' मंडळाने अर्ज एकमताने मंजूर केला. मंडळाचे अध्यक्ष नाक शिंकरायला गोदामाकडे गेले.

भांडी पुसताना मी तिला म्हटलं, "गावातल्या शाळेचं काय ठरवलंस? थँक्सगिव्हिंग आलं." ती बराच वेळ तीच बशी पुसत होती. मग म्हणाली, "सप्टेंबरात जाईन, नववीला. ख्रिसमसनंतर नाही. अजून आपली रेल्वे यायची आहे. कालवा रेल्वेनेच बंद पाडला ना?" आणि मग, बशीकडेच बघत, "आई, वर फार शांत होतं गं."

मला वाटलं होतं मी तिला खोली दिली. मी तिला घराबाहेर ठेवलं होतं, आणि वर पडदेही लावले होते.

टेबल आम्ही खाली आणलं आहे, स्वयंपाकघरातल्या टेबलाला जोडून. दोन टेबलांच्या उंचीत बोटभर फरक आहे, त्यामुळे मधोमध ठेवलेला पेला हटकून लवंडतो. वेंडेल पाय कापून देतो म्हणाला. विनी नको म्हणाली.

मावशी, एक विचारू? तुला माहीत होतं का?

गुरुवारी सत्तावीसला तुला आणायला वेंडेल बसथांब्यावर येईल. टर्की मोठी आहे.

तुझी,
बर्नी

⁂

स्क्रॅन्टन
२ डिसेंबर १९९७

लाडके बर्नी,

घरी सुखरूप पोचले. शेजारी बसलेल्या माणसाने विल्क्स-बॅरेपर्यंत माझ्या मांडीवरच्या डब्याचा वास घेतला. शेवटी मी त्याला एक तुकडा दिला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तिथे दिलं नाही आणि इथेही देणार नाही. तू टर्कीला चमच्याने रस घालत माझ्याकडे बघत होतीस आणि मी कांदे सोलत होते. माझे डोळे कांद्यांमुळे पाणावले होते, असंच धर.

तुम्ही मला दोन टेबलांच्या सांध्यावर बसवलंत. पेला माझ्याच अंगावर लवंडायचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. टेसा ओरडली, "एक्क्याण्णव हजार गॅलन!" आणि मी इतकी हसले की माझी आठवीतली उचकी परत आली. विनी माझ्या डाव्या हाताला होती आणि टेसा उजव्या. किती वर्षांनी मी बाकावर मधली झाले.

एक गोष्ट मात्र मी तुझ्यापासून लपवली, तिची कबुली देते. ऑक्टोबरात लिहिलं होतं की त्या कागदाचं काय झालं कुणास ठाऊक. मला ठाऊक होतं. तो चोपन्न वर्षं माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. आधी माझ्या निबंधासाठी जपला. रोझलीन गेल्यापासून मी तो उलटा ठेवते, तिची बाजू वर.

सोबत पाठवते आहे. पुढच्या बाजूला वर कोपऱ्यात छोटा क्रूस आहे, तो सिस्टरांच्या नियमाने प्रत्येक कागदावर काढावा लागायचा. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं. मागच्या बाजूला तुझ्या आईचं खेचर आहे. त्याला पाच पाय आहेत. मी तेव्हा तिला हसले होते. ती म्हणाली, "एक राखीव आहे. कालवा लांब आहे."

हा कागद विनीच्या फायलीत लाव, तिच्या अर्जाच्या मागोमाग. जूनमध्ये मिसेस डीट्रिक फायली तपासायला येतील, तेव्हा त्यांना दोन्ही बाजू बघू देत. विचारतील, या दोन मुली कोण? सांग, याच वर्गातल्या आहेत. फक्त बॉयलर आल्यावर दुसऱ्या खोलीत गेल्या होत्या.

रेल्वेच्या वेळी मला बोलव. मला अजून हात उंच करून उत्तर देता येतं.

तुझी मावशी,
फिलोमिना